बारा मीटर मागे

चढावर फ्रीव्हील वाजत नाही. हे मला चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, कारण सायकलीतलं मला कळतं असा माझा समज आहे आणि तो मी घरीदारी सगळ्यांना ऐकवून झालेला आहे. पण कळलं ते गेल्याच्या आधीच्या रविवारी, तिसऱ्या चढाच्या मध्यावर, घाम डोळ्यांत जाऊन एक डोळा मिटलेला असताना. मागून कटकट आली. चार-पाच दाते वाजले आणि थांबले. थोड्या वेळाने पुन्हा चार-पाच. आवाज नवा नव्हता. माझा साडू दर रविवारी माझ्या मागे बारा मीटरवर असतो, त्याच्या मागच्या चाकातून अधूनमधून असा आवाज येतो, सायकल जुनी आहे, काहीतरी ढिलं झालं असेल, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी का कोण जाणे, तो आवाज कानात न शिरता थेट डोक्यात शिरला. पाय चालू असले की चाक गप्प असतं. पाय थांबले की ते बोलायला लागतं. उतारावर सगळ्यांचीच चाकं बोलतात, तिथे पायांना सुट्टी असते. पण चढावर, आणि तोही असला चढ, जिथे मी दात आवळून एकेक फेरा खाली दाबत होतो, तिथे पाय थांबवायची चैन करतो कोण? मी थांबवले असते तर दोन श्वासांत आडवा झालो असतो. हा मात्र थांबवत होता. वेग जास्त होतोय, पुढच्याच्या जवळ जातोय, म्हणून थांबवत होता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं की समोरचा सावध होतो, हे मला नोकरीने शिकवलंय.

मी वजनमापे निरीक्षक आहे. बावीस वर्षं झाली. लोक दुकानात शिरतात ते मालाकडे बघतात, मी काट्याच्या बुडाकडे बघतो. पोखरून आत बूच भरलेली वजनं मी पाहिली आहेत, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक पाहिलंय, आणि मापाचं भांडं असं धरणारा एक माणूस पाहिलाय की त्याचा अंगठा आतल्या बाजूला असायचा आणि दिवसाकाठी त्या अंगठ्याएवढं तेल तो विकायचा. एवढ्या वर्षांत मला माणसांबद्दल एकच गोष्ट पक्की कळली आहे, ती अशी की जो तो दाखवतो जास्त आणि देतो कमी. यात दुकानदार आले, माझे साहेब आले, मीही आलोच. बायको म्हणते, घरात शिरताना कचेरी चपलांबरोबर बाहेर ठेवत जा. पण ती चपलांसारखी निघत नाही. दुधाची पिशवी हातात घेतली की हात आपोआप वजन करतो, आणि कुणी गोड बोललं की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की याचा अंगठा कुठे आहे.

साडूचा अंगठा कुठे आहे, हे शोधत मी उरलेला चढ चढलो. चढ पाच किलोमीटरचा आहे. खाली पाण्याच्या टाक्यांपासून सुरू होतो आणि वर दगडांच्या बंद पडलेल्या खाणीपाशी संपतो. तीन आठवड्यांनी इथेच स्पर्धा आहे. आधी पोहायचं, मग सायकलवर एकशे ऐंशी किलोमीटर, आणि मग ज्यांच्यात काही शिल्लक असेल त्यांनी धावायचं. साठ किलोमीटरचं एक वेटोळं, त्यात चार चढ, आणि त्या वेटोळ्याच्या तीन फेऱ्या. या स्पर्धेचा एक नियम आहे, आणि नियम म्हटला की मी आलोच. दुसऱ्याच्या आडोशाने जायचं नाही. पुढचा वारा कापतो आणि मागचा फुकट ओढला जातो, म्हणून दोघांत बारा मीटर अंतर ठेवायचं. अंतर कमी झालं तर पंचवीस सेकंदांत पुढे निघून जायचं, ते जमत नसेल तर मागे सरायचं. आम्ही सरावातही हा नियम पाळतो. पाळतो म्हणजे मी पाळायला लावतो. पहिल्याच रविवारी मी पट्टी काढून रस्त्यावर बारा मीटर मोजून दाखवले होते, आणि त्याने मान डोलावली होती. तेव्हापासून मी पुढे, तो मागे. चार वर्षांत तो एकदाही पुढे गेला नाही. अंतर कमी झालं की मागे सरला. त्याचं नाव गोगलगाय मीच ठेवलं. आता माझी मेहुणी, म्हणजे त्याची स्वतःची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते, आणि तो हसतो.

वर खाणीपाशी मी पोचलो आणि सायकल दगडाला टेकवली. शेवटच्या टप्प्यात तो नेहमी मागे पडतो, चाळीस सेकंदांनी आला. दर वेळी चाळीसच्या आसपास. हँडलवर वाकला, धापा टाकल्या. मी आज त्या धापा नीट ऐकल्या. माणूस खरा दमला की धाप एकसारखी नसते, मध्येच गिळावी लागते. याच्या धापा एका मापाच्या होत्या.

"दमलास?" मी विचारलं.

"दमणारच की भाऊजी. तुम्ही काय, इंजिन बसवल्यासारखे सुटता."

इंजिन हा शब्द त्याने उच्चारला. मी नाही. माझी नजर त्याच्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर गेली. तिथे हृदयाचे ठोके दिसतात. एकशे बारा. माझ्या पडद्यावर अजून एकशे एकाहत्तर होते आणि कानशिलं उडत होती. मी पाहतोय हे त्याने पाहिलं आणि तळवा अगदी सहज पडद्यावर ठेवला.

"पट्टा ढिला झालाय छातीवरचा. काहीही दाखवतो," तो म्हणाला.

तो तळवा मी ओळखतो. हजार दुकानांत पाहिलाय. निरीक्षक आत शिरला की दुकानदाराचा तळवा असाच सहज काट्यावर येतो.

उतारावर मी विचार करत होतो आणि उतारावर विचार करणं वाईट. पहिला संशय मोटारीचा. सायकलीच्या नळीत मावेल एवढी मोटार मिळते म्हणतात, बटण हँडलच्या फितीखाली. आणि तिची बॅटरी? त्याच्या बैठकीखाली ती भली मोठी पिशवी आहे ना. आम्ही सगळे तिथे मुठीएवढी पिशवी बांधतो, एक ट्यूब आणि दोन पाने मावतील इतकी. याची पिशवी म्हणजे गाठोडं. मी चार वर्षं तिची चेष्टा करत आलोय. अख्खा संसार घेऊन फिरतोस की काय रे, असं म्हणायचो. तो म्हणायचा, असू द्या भाऊजी, कधी काय लागेल सांगता येत नाही. पण मग मोटार असताना मागे कशाला राहील? याचं उत्तर चौथ्या चढावर मिळालं. या वर्षी त्याने स्पर्धेत नाव दिलंय. पहिल्यांदाच, आणि मला न सांगता. मला यादीत दिसलं. विचारलं तर म्हणाला, ताईंनी आग्रह केला, म्हटलं बघू या जमतंय का. ताई म्हणजे माझी बायको. म्हणजे चार वर्षं हा मागे बसून माझा अभ्यास करतोय. मी कुठे दमतो, कुठल्या वळणावर उठून उभा राहतो, पाणी कधी पितो, सगळं याला पाठ. आणि स्पर्धेच्या दिवशी तिसऱ्या फेरीत, याच चढावर, सगळ्यांदेखत माझ्या अंगावरून निघून जाणार. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे तो. दिवसभर कुणाला न दिसता भिंतीच्या आड उभं राहायची त्याला सवयच आहे.

घरी आलो तर बायको शिवणयंत्रावर बसली होती. ती पडदे शिवते. पुढच्या खोलीत सदैव कुणाच्या तरी खिडक्यांचं कापड पसरलेलं असतं आणि आम्ही त्यातून वाट काढत राहतो. तिने मान वर न करता विचारलं, "झाली फेरी?" मी हो म्हणालो. "बरं वाटतंय ना?" हेही ती दर रविवारी विचारते आणि दर रविवारी मी म्हणतो, मला काय धाड भरलीय. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिचा फोन ओट्यावर चार्ज होत होता. तेवढ्यात तो उजळला. मी बघणार नव्हतो, पण उजळलेल्या वस्तूकडे डोळा जातो. साडूचा निरोप होता. "बस मिळाली. ते बरे आहेत ना?" आणि त्याच्या वर त्याच सकाळचे, ओळीने. पहिला झाला. दुसरा झाला. तिसरा झाला, वर आहेत. चौथा झाला. मी फोन हातात घेतला नाही, नुसतं बोटाने वर सरकवलं. आधीचा रविवार. त्याच्या आधीचा. पहिला झाला, दुसरा झाला. आणि तिची उत्तरं नुसती एका अक्षराची. "हं." एवढंच. चार वर्षं माझी बायको आणि माझा साडू दर रविवारी सकाळी एकमेकांशी बोलत होते, आणि मी मध्ये सायकल मारत होतो.

माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं. माणूस घराबाहेर किती वेळ आहे याची खबर कोण कुणाला देतं? चोराचा साथीदार देतो. पण मग चोर घरी पाहिजे, आणि हा तर माझ्यामागे डोंगरात असतो. म्हणजे तिसराच कुणी? की हे दोघं? मेहुणीला माहीत असेल? मी पाणी पिऊन पेला धुतला, पुसला, पालथा घातला आणि सुलटा करून पुन्हा धुतला. बाहेर यंत्र चालू होतं, थांबत होतं, चालू होतं. जेवताना मी तिच्याकडे बघत होतो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, तूच सांग. ती म्हणाली, काय सांगू? आणि वाटी पुढे सरकवली. एवढ्या सरळ चेहऱ्याच्या माणसांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

त्या आठवड्यात मी दोन दुकानांचे काटे विनाकारण तीनदा तपासले. दोन्ही बरोबर निघाले आणि मला दोन्ही दुकानदारांचा राग आला. दुपारी टेबलाशी बसलो की डोळ्यांपुढे तो चढ यायचा आणि त्यावरचं एक वळण. खाणीच्या थोडं अलीकडे रस्ता डावीकडे वळतो, तिथे कडेला सिमेंटचा एक मैलाचा दगड आहे, अर्धा गवतात बुडालेला. त्या वळणावर मी कधी डावीकडे बघत नाही. साडेचार वर्षांपूर्वी, साडूने सायकल घेण्याच्या आधी, मी एकटाच जायचो. एका रविवारी त्या वळणावर माझ्या कानांतले आवाज बंद झाले. एवढंच आठवतं. दुखलं नाही, गरगरलं नाही. कुणीतरी बटण बंद केलं. शुद्धीवर आलो तेव्हा गाल गवतावर होता, सायकल माझ्या पायावर, आणि हातमोज्यावरून मुंग्या चालल्या होत्या. घड्याळात चाळीस मिनिटं गेली होती. चाळीस मिनिटांत त्या रस्त्याने कुणीही गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर थांबलं नव्हतं. मी उठलो, कपडे झटकले आणि हळूहळू घरी आलो. बायकोने विचारलं, उशीर? मी म्हणालो, पंक्चर झालं. ती बरं म्हणाली. त्यानंतर मी त्या गोष्टीवर आतून शिक्का मारला आणि विसरलो. डॉक्टरकडे गेलो नाही. काही निघालं तर सायकल बंद होईल, ही भीती होती, आणि सायकल बंद झाली तर मी नुसता काटे तपासणारा एक चिडका माणूस उरेन, ही त्याहून मोठी. स्पर्धेला प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागतो. तो मी दर वर्षी ओळखीच्या डॉक्टरकडून घेतो. तो न तपासता सही करतो. एखाद्या दुकानदाराने काटा न तपासता असा शिक्का आणला असता तर मी त्याच्या दुकानाला टाळं ठोकलं असतं.

त्या पडण्यानंतर दोन महिन्यांनी साडूने सायकल विकत घेतली. आजवर ज्याने कधी पळत जाऊन बस पकडली नाही, त्याने. मी तेव्हाच म्हणालो होतो, माझं बघून जळतोय.

बुधवारी मी कचेरीतला टांगता काटा घरी आणला. बावीस वर्षांत कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. दोन्ही सायकली आमच्याच तळमजल्यावरच्या खोलीत असतात. डोंगर आमच्या बाजूला आहे, साडू शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, रविवारी पहाटे बसने येतो आणि इथून निघतो. बायको कापड आणायला बाजारात गेली होती. मी दार आतून लावलं, तुळईच्या आकड्याला काटा अडकवला, आधी तो शून्यावर आहे याची खात्री केली आणि माझी सायकल टांगली. आठ किलो शंभर. मग त्याची. दहा किलो सातशे. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "सापडलास!" म्हणालो. अडीच किलोच्या वर फरक. मग नळ्या ठोकून पाहिल्या, पोकळ. फितीखाली बोट फिरवलं, बटण नाही. चाक हाताने फिरवलं, कटकट खणखणीत, काहीही ढिलं नव्हतं. उरली पिशवी. ती सोडवून वेगळी टांगली. एक किलो दोनशे चाळीस.

पिशवी हातात घेतली आणि बोटं थांबली. करड्या रंगाचं जाड कापड, दुहेरी शिवण, कोपऱ्यात टाके परत फिरवलेले. हे कापड मला माहीत होतं. आमच्या पुढच्या खोलीचे जुने पडदे. ही शिवण मी वीस वर्षं बघतोय, माझ्या प्रत्येक उशीला आहे. चार वर्षं मी या पिशवीची चेष्टा केली आणि माझ्याच घरातले पडदे मला ओळखू आले नाहीत. निरीक्षक म्हणे. आता काही शंकाच उरली नाही, तिने त्याला शिवून दिलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. मी खालीच, फरशीवर बसलो.  चेन उघडली.

बॅटरी नव्हती. एक पातळ लोकरीची शाल होती, घट्ट गुंडाळलेली. अर्धा लिटर पाण्याची बाटली. साखरेच्या पुड्या. दोन सपाट लाकडी पट्ट्या आणि बँडेजची गुंडाळी. एक शिटी. गोळ्यांची पट्टी, तिच्यावर बायकोच्या अक्षरात, शुद्धीवर असतील तरच. आणि आतल्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. त्यावर माझं नाव, माझा रक्तगट, टाक्यांजवळच्या दवाखान्याचा नंबर, तिचा नंबर. वय लिहिलं होतं त्रेचाळीस. ते खोडून चव्वेचाळीस. ते खोडून पंचेचाळीस. ते खोडून सेहेचाळीस. ते खोडून सत्तेचाळीस. आमच्याकडे काट्यांची असते तशी दर वर्षी फेरतपासणी. आणि खाली दोन ओळी होत्या. "तिसऱ्या चढावर एकदा शुद्ध हरपली होती. सांगत नाहीत."

मी ते दोन शब्द कितीतरी वेळ वाचत होतो. सांगत नाहीत. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, एखाद्या परक्या डॉक्टरला उपयोगी पडावी अशी माहिती होती, बस. आता खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते प्रेम नव्हतं. मला संताप आला. त्या दोघांचं काही असतं तर मी ओरडलो असतो, वस्तू फेकल्या असत्या, आणि निदान मी चढावर चांगला आहे एवढं तरी माझं माझ्यापाशी राहिलं असतं. इथे तेही गेलं. चार वर्षं मी जिंकत होतो तो एका माणसाने पाय थांबवले म्हणून. अडीच किलो जास्त वजन घेऊन, एकशे बारा ठोक्यांवर, तो माझ्यामागे चाळीस सेकंद मोजत होता, वर येऊन मापाच्या धापा टाकत होता आणि गोगलगाय म्हटलं की हसत होता. कमी देऊन जास्त दाखवणारे मी हजारांनी पकडले. जास्त देऊन कमी दाखवणारा कसा पकडायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्याला कलम नाही. मग कधीतरी संताप ओसरला आणि मी रडलो. तळमजल्यावर, दोन सायकलींच्या मध्ये, काट्याखाली बसून. सगळं होतं तसं घडी करून परत भरलं. शाल तिच्यासारखी घट्ट गुंडाळता येईना. दोनदा सोडून तिसऱ्यांदा जमली.

रविवारपर्यंत मी कुणाशी काही बोललो नाही. बायको एकदा म्हणाली, बरं नाहीये का? मी म्हणालो, आहे. पण धाड भरलीय का, असं म्हणालो नाही आणि तिने यंत्रावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रविवारी आम्ही निघालो. पहिला चढ झाला, दुसरा झाला, आणि प्रत्येक वेळी मागे फोनचं बटण दाबलं जात असेल हे मला आता माहीत होतं. टाक्यांपाशी मी थांबलो. तोही बारा मीटरवर थांबला.

"ये की जवळ," मी म्हणालो. तो आला. "आज तू पुढे हो."

"नको भाऊजी. मी आपला मागेच बरा."

"हो म्हटलं ना. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"तू कसा चढतोस ते. चार वर्षांत पाहिलं नाही मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. लिफ्टवाले लोक आवाजावरून बिघाड ओळखतात म्हणे. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याला कळलं.  पिशवी सोडवायला वाकला, मला द्यायला. मी म्हणालो, राहू दे, जा. मग तो गेला. एवढं सुंदर चढणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. खांदे हलत नव्हते. पाय गोल फिरत होते, चाक गप्प होतं, आणि पहिल्या वळणाआड तो करड्या पिशवीसकट दिसेनासा झाला. पंचवीस सेकंदही लागले नसतील. मत्सर वाटेल असं वाटलं होतं, पण नुसतं बघतच राहावंसं वाटलं.

मग मी निघालो. एकटा. आणि पहिल्या किलोमीटरमध्येच लक्षात आलं की मागे काही नाही. चढ तोच, रस्ता तोच, पण पाठीला गार वाटत होतं. मी तीनदा मागे वळून पाहिलं. चार वर्षं मी समजत होतो की मी एकटा वारा कापतोय. मैलाच्या दगडाचं वळण आलं. दर वेळी मी तिथे मान उजवीकडे ठेवतो. या वेळी पाय आपोआप जमिनीवर टेकला. गवत वाढलं होतं. मी फोन काढून बायकोला लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला.

"काय झालं?" तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"काही नाही. मी बरा आहे. तिसऱ्या चढावर आहे." मग म्हणालो, "त्या दिवशी पंक्चर झालं नव्हतं."

पलीकडे यंत्र थांबलं. "माहीत आहे," ती म्हणाली. "हेल्मेटमध्ये मुंग्या होत्या. जादा ट्यूब पाकिटात तशीच होती. आणि सायकलीवरच्या त्या पडद्यात तिसऱ्या चढावर चाळीस मिनिटं तुम्ही एकाच जागी दिसत होतात."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही अजून एक काहीतरी सांगितलं असतंत." मग म्हणाली, "त्याला द्या जरा फोन."

"तो नाही इथे. पुढे गेलाय. मीच पाठवलं."

"पुढे?" ती म्हणाली. "अहो, मग तुमच्या मागे कोण आहे?"

मी मागचा रिकामा रस्ता पाहिला.  म्हणालो, कुणी नाही. म्हणालो, उद्या डॉक्टरांची वेळ घे, तुझ्या डॉक्टरांची, माझ्या ओळखीच्या नको, आणि स्पर्धेचं ते म्हणतील तसं. ती "हं" म्हणाली. एवढंच, एका अक्षराचं. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. कटकट, एकसारखी, मोठी, न थांबता जवळ येणारी. तो उतारावरून परत येत होता. वर वाट पाहायला थांबला नव्हता. वळणावर मला उभा पाहून त्याने दोन्ही ब्रेक दाबले, सायकल टाकून धावत आला आणि पहिला हात पिशवीच्या चेनवर गेला.

"बसा, बसा भाऊजी. काय होतंय?"

"काही होत नाहीये," मी म्हणालो. "उगाच थांबलो होतो. चल, सायकल उचल."

त्याने माझा चेहरा नीट पाहिला, बोटं मनगटावर ठेवून ठोके मोजले, आणि मी मोजू दिले. मग सायकल उचलली आणि बाजूला उभा राहिला, मी पुढे निघायची वाट बघत. मी पायडलवर पाय ठेवला.

"मागे राहा," मी म्हणालो. "आणि बारा मीटर वगैरे राहू दे. जवळ राहा."